जंतू मेल्यानंतरची वर्षं

दादा, तुला ताप आला नव्हता. सगळं होऊन गेलं, माणसं येऊन बसून गेली, तरी माझं मन याच एका गोष्टीपाशी अडून राहिलंय. ज्या तापानं तुला वर्षानुवर्षं अंथरुणात पिळून काढलं, तो शेवटच्या त्या दिवसांत एकदाही आला नाही. वहिनी सकाळ-संध्याकाळ तुझ्या काखेत थर्मामीटर ठेवून बघत होत्या आणि पारा जागचा हलत नव्हता. मी कॉलेजातून परस्पर तुझ्याकडं आले तर तू म्हणालास, "आज अंग थंड हाये पाह्य कुंदे. थकवा तेवढा हाये." आपण तिघंही त्या थंड अंगावर खूश होतो.

भेटायला येणारे म्हणतात, "सुटले बिचारे." हा शब्द ऐकला की मी उठून आत जाते. सुटायचं तर तुला होतंच, पण असं नव्हे. तुला सुटून पुन्हा आदिलाबादकडच्या भीमपूरच्या शिवारात जायचं होतं.

तुझं खरं रूप मला तिथलंच आठवतं. महसूल खात्यातला मोजणीदार, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, खांद्यावर मोजणीची साखळी, जरीब, आणि आवाज असा की कपाशीच्या एका टोकाला बोललास तर पैनगंगेच्या काठावरची गुरं मान वर करत. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून भांडणारे दोन भाऊ असले की तू दोघांना समोरासमोर उभं करायचास. "दोन्ही फरीक हाजीर हायेत का? मंग बोला." खात्यातले जुने उर्दू शब्द तुझ्या तोंडात असे बसले होते की तू घरी भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रारसुद्धा "फिर्याद" म्हणून दाखल करायचास. मोजणी झाली की दोघा भावांना एका ताटलीतला चिवडा खायला लावल्याशिवाय तू तिथून निघत नसस.

बाबा म्हणाले होते, पोरीला दहावी बस झाली. तू त्यांच्यासमोर बसून राहिलास, जेवलासुद्धा नाहीस. "ती शिकीन. नांदेडले ठेवू तिले." बाबा म्हणाले, "आन् लग्न?" तू म्हणालास, "लग्न काय पळून जाते?" त्या एका संध्याकाळमुळं मी आज जीवशास्त्र शिकवते. हे मी तुला कधी तोंडानं सांगितलं नाही. बहीण-भावात असं कोणी बोलत नाही, आणि मग बोलायचं राहूनच जातं.

आणि त्याच जीवशास्त्रानं मला तुझा आजार तुझ्याआधी दाखवला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. तू मला मोटारसायकलवरून कॉलेजच्या फाटकाशी सोडलंस आणि गाडी चालू ठेवून, पाय टेकून, आमच्या प्राचार्यांशी बोलत उभा राहिलास. मला जळकट वास आला. बघते तर तुझी उघडी पोटरी तापलेल्या सायलेन्सरला चिकटलेली. मी ओरडले. तू पाय काढलास, सोललेल्या कातडीकडं असं पाहिलंस जणू ती शेजारच्या कोणाची आहे, आणि म्हणालास, "लई चालतो न मी. कातडं जाड झालं."

त्या दिवसांत सगळे म्हणायचे, तुझी तब्येत सुधारली. चेहऱ्यावर तेज आलं होतं, खरंच. मी मात्र जवळून पाहिलं तर कानाच्या पाळ्या जाड झालेल्या होत्या आणि भुवयांची बाहेरची टोकं विरळ. मी दोन रात्री पुस्तकं चाळत बसले. मग तुला घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्यांनी कानाच्या पाळीला बारीक चीर दिली, त्यातला रस काचेवर घेतला, आणि मी जीवशास्त्राची आहे म्हटल्यावर रंगवलेली काच मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहू दिली. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांच्या जुड्याच्या जुड्या. तुलाही बघायचं होतं. तू एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलंस.

"हे सारे माह्या कानात?"

"सगळ्या अंगात, दादा."

"इतके! आन् मले पत्ताच नाही?"

पत्ता तुझ्या शरीरालाच नव्हता. जंतू आत येऊन घर करून बसले, वाढले, नसांमध्ये शिरले, आणि तुझं अंग गप्प राहिलं. ताप नाही, दुखणं नाही. डॉक्टर तेलुगू होते, आपल्याशी हिंदीत बोलायचे. ते म्हणाले, "डरने का नहीं साब. अब अच्छी गोलियां आई हैं. खाते रहो, जंतू मर जाएंगे." तू परत येताना गाडीवर एकच वाक्य बोललास, "घरात नाव नको काढू याचं." वहिनींना मात्र त्याच संध्याकाळी तू स्वतः सांगितलंस. त्या स्वयंपाकघरात गेल्या, थोड्या वेळानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जेवा. गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या का आधी?"

गोळ्या तू इमानानं घेतल्यास. लघवी लाल झाली, तू हसलास. कातडी तांबूस-काळी पडत गेली, तेव्हा गावोगाव विचारायला लागले आणि तू सांगायचास, "उनातली नौकरी हाये बाप्पा." पुढच्या तपासण्यांत काचेवरच्या अख्ख्या लाल काड्या कमी झाल्या, जे उरले ते तुकडे. डॉक्टर म्हणाले, मेले. आपण घरी पेढे आणले, कशाचे ते रेखाला सांगितलं नाही. तुझी लेक तेव्हा शाळेत होती.

आणि नेमकं तेव्हा तुझं अंग जागं झालं.

हातापायांवर, चेहऱ्यावर लाल गाठी उठल्या, हात लावू देत नव्हत्या. थंडी वाजून ताप. सांधे सुजले, डोळे लाल झाले, कोपराजवळची नस दोरीसारखी तट्ट फुगली. करंगळी आणि शेजारचं बोट त्याच आठवड्यात आखडलं. तू दात आवळून म्हणालास, "औषधानंच केलं हे. जहर हाये. बंद करतो मी."

आपलं मोठं भांडण तिथं सुरू झालं, ते पुढं कधी संपलं नाही. मी तुझ्या खाटेशी बसून सांगत होते की हे औषधाचं नाही, तुझ्याच अंगाचं आहे. जंतू फुटतात, त्यांचे तुकडे रक्तात येतात, आणि शरीरातल्या संरक्षक पेशी त्या तुकड्यांवर तुटून पडतात. त्यात आपलीच नस, आपलाच डोळा भाजतो.

तू कण्हत उठून बसलास. "थांब. जंतू जिते होते तवा हे पहारेकरी कुठी होते?"

"झोपले होते म्हण."

"आन् आता मुजरिम मेला. मंग हे मारून कोणाले राह्यले?"

"मेलेल्याच्या चिंध्यांना."

"चिंध्या माह्या अंगात पडल्या, म्हणून लाठी माह्या अंगावर! हा काय इन्साफ झाला कुंदे? सांग न!"

पुस्तकात तेव्हा एवढंच होतं की पेशी परकं ओळखते. कशानं ओळखते, मेलेलं आणि जिवंत यांत तिला फरक का कळत नाही, याबद्दल एक ओळ नव्हती. तू मोजणीदार, तुला हद्द दाखवल्याशिवाय काही पटत नसे. मी हद्द दाखवू शकले नाही.

मग स्टेरॉइडच्या पांढऱ्या गोळ्या आल्या. दोन दिवसांत तू उठून बसलास, गाठी विरल्या, तू मुगाची खिचडी मागून घेतलीस. आम्हाला वाटलं, जिंकलो. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू कमी करायच्या. कमी करत ठरावीक पायरीवर आलं की गाठी पुन्हा उठायच्या. पुन्हा वाढवा, पुन्हा कमी करा. वहिनी अडकित्त्यानं गोळीचे अर्धे, मग पाव तुकडे करायच्या, इतके नेमके की औषधवाल्यालाही जमले नसते. त्या पाव तुकड्यावरून तुमची भांडणं व्हायची.

"आज अर्धी दे."

"डॉक्टरनं पाव सांगली."

"डॉक्टरच्या अंगात आग लागली हाये का माह्या?"

"तुमचं तोंड पाहा आरशात. फुगून ढोल झालं. हाडं पोकळ होतीन म्हणते. नाही देत मी."

आणि तू त्यांच्यावर ओरडायचास, आणि त्या तशाच उभ्या राहायच्या, मूठ आवळून. मी दोघांच्या मधे. तुझी आग खरी होती आणि त्यांची भीतीही खरी होती. गोळी घेतली तर गोळी खाते, नाही घेतली तर अंग खातं. हातात जरीब धरवेना तेव्हा तुला दफ्तरखान्यात बसवलं. मग लांब रजा. मग ती मागची खोली, जिची खिडकी तू लावून घ्यायचास, कारण गल्लीतून जाणारी पोरं डोकावायची. उघड्या रानात आयुष्य काढलेला माणूस, त्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसलेला. मला ते बघवत नसे. चहा ठेवून मी वहिनींकडं स्वयंपाकघरात जायचे, तर तिथं त्या तशाच भिंतीकडं बघत बसलेल्या.

रेखाला बघायला माणसं आली तो दिवस मी कितीदा मनात फिरवलाय. निर्मल गावचं घराणं, मुलगा बँकेत. वहिनींनी आठवडाभर आधी ठरवलं होतं की तू आतच राहायचं. तू हो म्हणाला होतास. मी पोह्यांच्या बशा बाहेर नेत होते. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "रेखाचे वडील दिसत नाहीत?" वहिनी म्हणाल्या, "तब्येत बरी नाही त्यांची." आणि मागच्या खोलीची कडी वाजली.

तू धुतलेलं धोतर नेसला होतास, आखडलेली बोटं उपरण्यात न लपवता. येऊन खुर्चीवर बसलास. नमस्कार केलास.

"मीच रेखाचा बाप. मले महारोग झाला होता. इलाज केला, जंतू मेले, कोणाले लागत नाही माह्यापासून. हे जे दिसून राह्यलं, हे माह्या अंगाचं माह्याशीच भांडण हाये. पोरीचा त्यात काही कसूर नाही. तुमाले पटलं तर बसा, नाही तर राग नाही."

मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. मुलाच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं, कळवतो म्हणाले, आणि ती माणसं गेली. मुलगा जाताना तुला वाकून नमस्कार करून गेला. त्याच्या आईनं त्याला हाताला धरून ओढलं.

दार लागल्यावर वहिनी तुझ्यावर तुटून पडल्या. तसं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "एक घंटा आत बसता येत नव्हतं तुमाले? एक घंटा! पोरीच्या जलमाचा सवाल होता!"

तू हळू आवाजात म्हणालास, "इतकी वर्षं बसूनच हावो न मी आत."

रेखा तुझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मग एका दुपारी ती तुझं ताट घेऊन आत गेली, बाहेर आलीच नाही. मी बघायला गेले तर दोघं एकाच ताटात जेवत होतात आणि ती रडत तुला भाकर मोडून देत होती. नंतर तिनं कोणाशीच लग्न ठरवायचं नाही म्हणून सांगितलं, नोकरी धरली. हा विषय तुमच्या तिघांत कधी मिटला नाही. वहिनींनी तुला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी मी प्राध्यापकांच्या उजळणी वर्गासाठी हैदराबादला गेले होते. तिथं एका व्याख्यानात पहिल्यांदा ऐकलं. संरक्षक पेशींच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, काही ग्राहक असतात. ग्राहक म्हणजे पकडून ओळखणारं प्रथिन. जन्मापासूनच असतात, शिकवावे लागत नाहीत. जंतूच्या आवरणाचा तुकडा त्यांत अडकला की पेशीच्या आत इशारा जातो आणि ताप, सूज, सगळी धामधूम सुरू होते. ही गोष्ट आधी फळमाशीत सापडली. ज्या माशीत तो ग्राहक बिघडलेला, तिच्या अंगावर बुरशी वाढते. मग उंदरात, माणसात सापडले. मी वहीत लिहीत नव्हते, दादा. मला तुझा आवाज ऐकू येत होता, "हे मारून कोणाले राह्यले?" ग्राहक आवरणाचा तुकडा ओळखतो. जंतू जिवंत आहे की मेला, हे तो विचारत नाही.

आदिलाबादला उतरले ती तुझ्याकडंच. तू कितीतरी दिवसांनी उठून बसलास आणि मला दोनदा सगळं सांगायला लावलंस.

"नाव काय म्हणे त्याचं?"

"टोल. टोलसारखे ग्राहक."

"टोल? म्हंजे नाक्यावरचा? गाडी भरेल हाये का रिकामी, काही न पाहता पावती फाडणारा?" तू हसलास. किती वर्षांनी हसलास. मग एकदम गंभीर झालास. "माह्या आजाराचंबी हेच, असं म्हणे का?"

"कुष्ठाच्या जंतूबद्दल ठाम कोणी बोलत नाही अजून. पण असेल असं वाटतं."

"मंग हे नाके उठवता येतीन का?"

मी तुला खरं तेच सांगितलं. ज्या उंदरांत असा एक ग्राहक जन्मतःच बिघडलेला असतो, त्यांना जंतूंचं नुसतं विष टोचलं तर काही होत नाही, मजेत राहतात. पण जिवंत जंतू आत शिरले तर त्यांच्या अंगाला कळतच नाही, आणि ते मरतात.

तू आपल्या आखडलेल्या बोटांकडं पाहिलंस.

"म्हंजे हायेत तर जाळतेत. नसले तर मरण. मंग माणसानं जावं कुठी कुंदे?"

मी म्हणाले, संशोधन चालू आहे, काही वर्षांत निघेल काही. तू मान हलवलीस. माझं समाधान व्हावं म्हणून हलवलीस, मला कळलं.

मग हा महिना. तुझ्या तळव्यात काटा गेला असावा. बाभळीचा, अंगणातला. तुला कळला नाही, तिथली नस केव्हाच मेलेली होती. एरवी जखम चिघळताना लाल झाली असती, सुजली असती, ताप आला असता. पण त्या पांढऱ्या गोळ्यांनी ते सगळे पहारेकरी गप्प बसवले होते, आणि तळवा बाहेरून साधा दिसत होता. आत पू पसरत होता. तू म्हणालास थकवा आहे. एका सकाळी वहिनींनी हाक मारली तर तू डोळे उघडलेस आणि त्यांना ओळखलं नाहीस. हात गार, श्वास भराभर. दवाखान्यात तरुण डॉक्टरनं पाय उचलून तळवा दाबला आणि वासच आला. "बुखार नहीं था?" त्यानं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नाही. अंग थंड होतं." त्यानं मान खाली घातली. विष रक्तात उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

त्या दवाखान्याच्या बाकावर मी बसून होते आणि मनात तुझ्याशी भांडत होते. कारण "माणसानं जावं कुठी" हा तुझा प्रश्न मला तेव्हा नीट कळला. आयुष्यभर आपण म्हणत होतो, या तापाला आवरा. आणि शेवटी एका खऱ्या तापाची गरज होती. मी कोणावर रागवू? गोळीवर? तिनं तुझे डोळे वाचवले होते. त्या ग्राहकांवर? ते तर माझ्याही अंगात आहेत, रेखाच्याही, रोज कुठल्याशा खरचटण्यातून आम्हाला वाचवत असतात. परवा कॉलेजात रोगप्रतिकाराचा धडा होता. "शरीर आपले रक्षण करते" हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि पुढचं वाक्य सुचेना. मुलं वाट बघत होती. मी त्यांना तास संपेपर्यंत वाचत बसायला सांगितलं.

तुला एक गोष्ट मात्र सांगायची आहे. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले.

दहावं झालं त्या दिवशी ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यात निर्मल गावाकडची लांबची एक आत्याबाई होती, जिला सगळं माहीत असतं आणि तरी विचारायचं असतं. तिनं वहिनींना विचारलं, "कशानं गेले म्हणे? अचानकच?" मी पुढं होऊन म्हणणार होते, पायाची जखम. इतकी वर्षं आम्ही असंच काहीतरी म्हणत आलोय.

वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला. डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "महारोग झाला होता त्यांले. त्यातून बरे झाले. मंग त्यांचंच अंग त्यांच्यावर उलटलं, लई वर्षं. कोणाले काही लागलं नाही त्यांच्यापासून. मी रोज त्यांच्याजवळ निजत होती."

आत्याबाई उठली, चपला शोधू लागली. तिच्यामागं आणखी दोघी उठल्या. बाकीच्या बसून राहिल्या. रेखा दारातून आईकडं बघत होती. वहिनी उठल्या नाहीत, कोणाला थांबवलं नाही. पाठ ताठ करून तशाच बसल्या आणि म्हणाल्या, "आनखी कोणाले काही विचारायचं हाये?"